झोळीतील दोन रात्री

मनुष्याच्या आयुष्यात झोळी कितीदा यावी? तान्हेपणी, पाळणा नेता न येण्यासारखा प्रवास असला म्हणजे आई जुन्या लुगड्याची झोळी बांधून मूल निजविते. आठव्या वर्षी मुंजीत भिक्षावळीची झोळी खांद्याला लागते. पुढे कोणी विरक्त पुरुष संन्यास घेऊन ती पुन्हा पत्करतो. तुम्हा-आम्हा संसारी माणसांचा तिच्याशी संबंध मुंजीपाशीच संपावा, अशी सामान्य रीत आहे. मला मात्र एकाहत्तराव्या वर्षी, पुण्यापासून सुमारे आठ हजार मैलांवर, अमेरिकेतील एका अरण्यात, ओक वृक्षांच्या दोन बुंध्यांना बांधलेल्या झोळीत लागोपाठ दोन रात्री काढण्याचा योग आला. त्यांतली पहिली रात्र माझ्या हट्टामुळे जिवावर बेतण्याच्या बेतात होती. दुसऱ्या रात्री गेल्या दहा वर्षांत लागली नव्हती इतकी गाढ झोप लागली. दोहोंमध्ये अंतर म्हणाल तर पाऊण इंच जाडीच्या एका वळकटीचे.

हा बेत अर्थातच माझा नव्हे. माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा गेली वीस-बावीस वर्षे वॉशिंग्टन शहराजवळ व्हर्जिनिया संस्थानात राहतो. आमचे घर मूळचे वाईचे व एकत्र. त्यामुळे तो नात्याने पुतण्या असला तरी लहानपणी माझ्याच अंथरुणात निजलेला. जून २०२० मध्ये बंधू निवर्तले तेव्हा नेहमीची विमाने बंद होती. त्याला येता आले नाही. अग्नी मी दिला, दिवसही मीच केले. त्यानंतर तो एकदा घाईघाईने येऊन गेला, परंतु त्या विषयावर आम्हा दोघांत चकार शब्द निघाला नाही. दर रविवारी टेलिफोनवर प्रकृतीची विचारपूस होई, औषधे वेळेवर घेता ना हे तो विचारी, थंडी किती आहे हे मी विचारी, आणि संभाषण संपे. खरे सांगावयाचे तर, या मुलाला बापाचे फारसे काही वाटले नाही असा एक सल माझ्या मनात घर करून होता. तो मी कोणापाशी बोलून दाखविला नाही; पण होता.

त्याच्याकडे आम्ही उभयता गेलो असता एके दिवशी जेवताना तो म्हणाला, “काका, माझ्याबरोबर डोंगरात दोन रात्री चला. तुम्हांला एक जागा दाखवावयाची आहे.” मी होकार दिला. आमच्या कुटुंबाने “या वयात झाडाला टांगून घ्यावयाचे कोणी सांगितले आहे?” असा प्रश्न केला, व सूनबाईंनी तो हसून दुसऱ्यांदा केला, तथापि ऑक्टोबरच्या मध्यास एके शुक्रवारी आम्ही दोघे निघालो.

वॉशिंग्टनच्या पश्चिमेस सुमारे पाऊणशे मैलांवर ब्लू रिज नावाची डोंगराची रांग आहे. दुरून ती खरोखरीच निळसर दिसते. तिच्या माथ्यामाथ्याने १०५ मैल लांबीचा एक रस्ता जातो, त्याला स्कायलाइन ड्राइव्ह असे नाव आहे. ताशी ३५ मैलांहून अधिक वेगाने मोटार हाकण्यास तेथे मनाई असल्यामुळे, अमेरिकेत प्रथमच मला खिडकीबाहेरची झाडे एकेक करून पाहावयास मिळाली. ओक, हिकरी, मेपल – कोणी तांबूस, कोणी हळदीसारखे पिवळे, कोणी शेंदरी. आमच्याकडे पानगळ होते ती फाल्गुनात व उन्हात. येथे ती थंडीच्या तोंडावर होते, आणि गळण्यापूर्वी झाडे जणू लग्नघर सजावे तशी सजतात. या सर्व डोंगराचे १९३५ साली शेनांडोआ राष्ट्रीय उद्यान झाले, व पुढल्या वर्षी जुलै महिन्यात अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी बिग मेडोज येथील कुरणावर त्याचे लोकार्पण केले. सर्वांत उंच शिखर हॉक्सबिल; त्याची उंची ४,०५१ फूट, म्हणजे आमच्या महाबळेश्वरापेक्षा कमीच. वाईकर माणसाला एवढा अभिमान बाळगण्यास हरकत नसावी.

आज जेथे अस्वले व हरणे निर्धास्त फिरतात तेथे पूर्वी माणसांची वस्ती होती, हे मात्र ती रंगीत झाडी पाहताना ध्यानात येत नाही. उद्यानासाठी सुमारे पाचशे कुटुंबांना घरे सोडावी लागली. झाडीत एखाद्या धुराड्याचे दगड, एखादे कुंपण, शेवाळ चढलेली थडगी अजून दृष्टीस पडतात. कोयनेच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली अशी माणसे आमच्या सातारा जिल्ह्यात मी पाहिली आहेत. तेव्हा त्या दगडांपाशी काही क्षण थांबल्यावाचून मला पुढे जाववले नाही.

बिग मेडोजच्या किंचित पुढे मिलम गॅप नावाची खिंड आहे. तेथे मोटार ठेवून, परवान्याचा कागद पिशवीला अडकवून, आम्ही पायवाटेला लागलो. ही पायवाट म्हणजे प्रसिद्ध ॲपलेशियन ट्रेल. बेंटन मॅकाय नावाच्या गृहस्थाने १९२१ साली तिची कल्पना मांडली, १९३७ साली ती पुरी झाली, आणि आज दक्षिणेस जॉर्जियापासून उत्तरेस मेनपर्यंत चौदा संस्थानांतून ती सुमारे २,१९० मैल जाते. वाटेवर झाडांच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगाचे उभे पट्टे ओढलेले असतात. तेवढेच पाहात चालावयाचे. १९५५ साली एमा गेटवुड नावाची बाई वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ही संपूर्ण वाट एकटी चालून गेली. अकरा मुलांची आई; पायात साधे कापडी बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, तीत एक कांबळे व न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा. ही हकीकत पुतण्याने मला धीर यावा म्हणून सांगितली असावी. मी मनात हिशेब केला की, बाई आपल्याहून चार वर्षांनी लहान होती, व तिने आपल्याला झाडाला टांगून घेतले नव्हते.

दीड-एक मैल चढून हेझलटॉप शिखराच्या अलीकडे, वाटेपासून व मोटाररस्त्यापासून नियमाप्रमाणे दूर, एका सपाटीवर आम्ही मुक्काम केला. उद्यानाच्या रानात शेकोटी पेटविण्यास बंदी आहे. फक्त लहानशा स्टोव्हवर पाणी तापविता येते. खाण्याचे सर्व पदार्थ, दातांची पेस्टसुद्धा, एका मजबूत डब्यात घालून दूर ठेवावे लागतात, कारण अस्वलाचे नाक. हे सोपस्कार उरकल्यावर पुतण्याने झोळ्या बांधल्या. झाडाची साल दुखावू नये म्हणून प्रथम बुंध्याला चांगले रुंद पट्टे गुंडाळावयाचे, त्यांना दोर अडकवावयाचे, आणि झोळी तीस अंशांच्या कोनात दोर येईल इतकी सैल सोडावयाची. वर ताडपत्रीचे छत. मला ती रचना फार आवडली. वजन जेमतेम शेर-दीड शेर, खाली दगड असोत की मुळ्या, निजणाऱ्याला पत्ता नाही.

या झोळीचे इंग्रजी नाव हॅमॉक. परंतु शब्द मूळचा इंग्रजांचा नव्हे. कॅरिबियन बेटांतील तैनो लोक तिला हामाका म्हणत, व १४९२ साली कोलंबस त्या बेटांवर उतरला तेव्हा ती त्याच्या पाहण्यात आली. युरोपातील खलाशांनी ती उचलली. इंग्रजांच्या आरमारात १५९७ पासून तिचा वापर सुरू झाला. जहाजावर एकेका खलाशाच्या वाट्यास फक्त चौदा इंच रुंदीची जागा येई, व तीत त्याची झोळी टांगलेली असे. सकाळी त्या झोळ्या घट्ट वळून जहाजाच्या कठड्यावरील जाळ्यांत रचीत. लढाईच्या वेळी बंदुकीच्या गोळ्यांपासून तेवढाच आडोसा. या हकीकतीतली एक गोष्ट मात्र मला पहिल्या रात्रीपूर्वी कोणी ठासून सांगावयास हवी होती. उष्ण देशातल्या तैनो माणसाची झोळी नुसती जाळीदार असे, कारण खालून वारा खेळावा हाच तिचा हेतू. थंड समुद्रात जाणाऱ्या खलाशाला आरमार झोळीबरोबर एक गादीही देत असे.

पुतण्याने मला गादी दिली होती, हे येथेच नमूद करणे भाग आहे. करड्या रंगाच्या फोमची ती एक पट्टी होती. पाऊण इंच जाड, वीस इंच रुंद, माणसाएवढी लांब, गुंडाळली म्हणजे वळकटी होई. माझी झोळी दुहेरी कापडाची होती. त्या दोन कापडांच्या मध्ये त्याने ती सरकविली, आणि म्हणाला, “काका, ही काढू नका. खालून थंडी येते.” मी आत शिरून पाहिले. पट्टी अंगाखाली चरचर वाजे, तिच्या कडा वर वळून खांद्यांना टोचत, आणि एकंदरीत नारळाच्या करवंटीत निजल्याचा भास होई. अंगावर तर हंसाच्या पिसांची, हिमातही चालेल अशी ख्याती असलेली निद्रापिशवी होती. एवढी उबदार वस्तू चहूकडून लपेटलेली असताना खाली हे फोमचे लचांड कशाला? तो स्टोव्हपाशी गेलासे पाहून मी हळूच ती पट्टी ओढून काढली, व उतरताना पाय मळू नयेत म्हणून झोळीखाली जमिनीवर अंथरली. तेहतीस वर्षे मी शाळेत पदार्थविज्ञान शिकविले. उष्णतेचे वहन, अभिसरण व प्रारण हे तीन प्रकार फळ्यावर किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही.

प्रथम झोप उत्तम लागली. ओकची फळे पानांच्या थरावर टपटप पडत होती, एक घुबड चार-पाच स्वरांत काही प्रश्न विचारीत होते, आणि झोळी किंचित हलत होती. जाग आली ती मध्यरात्रीनंतर. छाती ऊबदार होती; पाठ मात्र पौष महिन्यात वाईच्या घाटावर कृष्णेच्या पाण्यात टेकवावी तशी. मी कूस बदलली; आता ती कूस गार झाली. अंगात होते ते सर्व लोकरी कपडे चढविले, कानटोपी घातली, पिशवीचे तोंड आवळले. वरून जितके पांघरावे तितके खालून जाणवे. वारा सुटला होता, व तो झोळीच्या खालून, नदी पुलाखालून वाहावी तसा, अखंड वाहत होता. दात वाजू लागले. खाली उतरून ती पट्टी उचलावी असे मनात आले, पण पिशवीची साखळी बोटांना उघडेना. बोटे आपली नसल्यासारखी झाली होती. दहा हातांवर पुतण्या निजला होता. एक हाक मारली असती तर काम होते. परंतु ‘काढू नका’ असे बजावलेली वस्तू आपण काढली, हे त्या वेळी मला कबूल करवेना. म्हातारपणी माणूस पोरासारखे वागतो असे म्हणतात, ते पुष्कळसे खरे आहे.

थोड्या वेळाने कुडकुडणे कमी झाले, आणि सर्व काही ठीक आहे, आता पडून राहावे, असे वाटू लागले. ही सुधारणा नव्हती, हे मला पुढे कळले. शरीराचे आतले तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले म्हणजे बुद्धी मंदावते, माणूस बेफिकीर होतो, आणि त्यापुढे कुडकुडणेही थांबते. वृद्धांच्या बाबतीत तर थंडीची जाणीवच मुळी उशिरा होते. सुदैवाने मला खोकल्याची उबळ आली.

“काका?” अंधारातून आवाज आला. मी उत्तर दिले, पण शब्द नीट उमटले नसावेत. दिवा पेटला. त्याने माझा हात धरून पाहिला, मग झोळीखाली पाहिले, आणि एक शब्दही न बोलता कामाला लागला. मला खाली उतरवून त्याच पट्टीवर बसविले, आपली दुलई माझ्याभोवती गुंडाळली, आणि पाणी उकळून त्यात सुंठ व साखर घालून माझ्या ओठांशी धरले. पेला धरण्याइतकी माझ्या हातांत शक्ती नव्हती. मी लहान असता आईने, आणि तो लहान असता मी त्याला, असेच काही पाजले असेल. तासाभराने मला पुन्हा हुडहुडी भरली. “आता बरे,” असे तो म्हणाला. पट्टी परत दोन कापडांच्या मध्ये गेली. त्याच्या स्वतःच्या झोळीला खालच्या बाजूने एक पिसांची दुलई टांगलेली असते. तीही सोडून त्याने माझ्या झोळीखाली बांधली. मी आत निजलो, आणि तो एका आडव्या पडलेल्या ओंडक्यावर, आपली वरची दुलई अंगाशी धरून बसला. तापमापकाचा पारा ३६ अंश फॅरनहाइटवर होता.

“तू कशावर निजणार?” मी विचारले.

“आता उजाडेल. आणि मला सवय आहे,” तो म्हणाला. बराच वेळ गेला. मग तो आपण होऊन बोलू लागला, ते जसे आठवते तसे लिहितो.

“बाबा गेले तेव्हा तिकडे काय काय चालले असेल ते मला काही माहीत नव्हते. टेलिफोनवर तुम्ही अग्नी देताना दिसलात, मग ते चित्र थांबले. येथे भटजी कोणाकडे येईना. लहानपणी आजोबा गेले तेव्हा बाबा दहा दिवस गादीवर निजत नव्हते, नुसत्या घोंगडीवर निजत होते, एवढे एकच मला आठवत होते. मग मीही तेवढेच केले. दहा रात्री खाली फरशीवर निजलो. हिने विचारले नाही, मी सांगितले नाही. दहाव्या दिवशी पहाटे निघून येथे आलो. खाली ओढ्यांचा संगम आहे. उद्या तीच जागा तुम्हांला दाखवावयाची आहे.”

काय बोलावे हे मला सुचले नाही. त्या दहा रात्री वाईच्या घरात, ओसरीवर, मीही घोंगडीवर निजलो होतो. आणि पहाटे गारठा लागे तेव्हा, आपल्या वाट्यास हे यावे आणि मुलगा तिकडे गादीवर असावा, असा विचार माझ्या मनात येऊन गेलेला मला चांगला स्मरत होता. शेवटी मी एवढेच विचारले, “तीळ कोठून आणलेस?”

“वाण्याकडून. आपल्या लोकांचे दुकान आहे.”

सकाळी ऊन वर आल्यावर उतरणीला लागलो. मिलम गॅपकडे परतून तेथून ओढ्याच्या काठाने दोन मैल उतरले म्हणजे रॅपिडन कँप लागतो. अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनी १९२९ साली विश्रांतीसाठी ही जागा निवडली. त्यांच्या अटी तीन: वॉशिंग्टनपासून शंभर मैलांच्या आत असावी, ट्राउट मासे मिळावेत, आणि डास नसतील इतकी, म्हणजे निदान २,५०० फूट, उंची असावी. जमीन त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली, व पद सोडताना पुढील अध्यक्षांच्या उपयोगासाठी देऊन टाकली. त्यांची लाकडी झोपडी अजून उभी आहे. राजधानीतले घर ‘व्हाइट हाउस’, म्हणून हिला ‘ब्राउन हाउस’ म्हणत. ऑक्टोबर १९२९ मध्ये इंग्लंडचे मुख्य प्रधान रॅम्से मॅकडोनल्ड येथे पाहुणे आले असता, दोघांनी ओढ्याकाठी एका ओंडक्यावर बसून आरमारे कमी करण्याविषयी वाटाघाटी केल्या. पुढे १९३२ साली ज्यांच्या जातीय निवाड्यावरून येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना उपोषण करावे लागले, तेच हे मॅकडोनल्ड. पुण्याच्या माणसाला त्या ओंडक्याची हकीकत ऐकून नाही म्हटले तरी मौज वाटते. आरमाराच्या झोळ्यांचा विषय त्यांच्या बोलण्यात निघाला असेल, असे मात्र संभवत नाही.

झोपडीजवळच मिल प्राँग आणि लॉरेल प्राँग हे दोन ओढे मिळतात, व तेथून पुढे त्यांना रॅपिडन नदी असे नाव पडते. कृष्णेच्या काठच्या माणसाला नदी म्हणजे काय याविषयी ठाम कल्पना असतात, आणि त्या मानाने हे पाणी अगदीच थोडे. परंतु स्वच्छ, दगडांवरून खळखळणारे, आणि संगम तो संगमच. पुतण्या एका सपाट दगडावर जाऊन उभा राहिला. “येथे,” तो म्हणाला. मंत्र येत नव्हते म्हणून त्याने त्या दिवशी बापाचे, आजोबांचे व पणजोबांचे अशी तीन नावे घेतली होती. चौथे काही त्याला ठाऊक नव्हते. मी गोत्र सांगितले. दगड ओला व निसरडा होता, म्हणून त्याने माझा दंड धरला, आणि आम्ही दोघांनी ओंजळीने पाणी सोडले. पितृपक्ष संपून गेला होता, तीळ नव्हते, दोघांच्याही अंगात लोकरी सदरे. आमच्या घरातल्या जुन्या माणसांनी हे पाहिले असते तर शास्त्रार्थाचा प्रश्न निघाला असता. मला तो काढावासा वाटला नाही.

परत चढून येईपर्यंत दुपार टळली. वाटेत मी विचार करीत होतो तो निराळाच. रात्री जे घडले ते मला वस्तुतः पाठ होते. ऊब पिसांत नसते. पिसांच्या फटींत अडकून पडलेल्या स्थिर हवेत असते. निजणाऱ्याच्या अंगाखाली ती पिसे शरीराच्या भाराने दाबली गेली, हवा निघून गेली, आणि उरले पातळ कापड. जमिनीवर निजणाऱ्याची ऊब नुसती वहनाने जाते. झोळीत खालून वारा वाहता असल्यामुळे ती अभिसरणाने, सतत नव्या गार हवेबरोबर, लुटली जाते. फोमची गोष्ट वेगळी. तिच्यात हवा बारीक बारीक बंद कप्प्यांत कोंडलेली असते, ती भाराने फारशी दबत नाही, व ओलही शोषीत नाही. आणि हे शिकावयास पदार्थविज्ञान तरी कशाला हवे होते? आमच्या आजीची सुंभाची बाज होती. चैत्र-वैशाखात ती अंगणात नुसती टाकून निजत. मार्गशीर्ष लागला की, आजी अंगावरच्या वाकळीची चौकशी करण्यापूर्वी बाजेवर घोंगडी दुहेरी अंथरी. झोळीत तान्हे मूल घालतानाही खाली गोधडीची घडी आधी जाते. ‘खालून गार लागते’ हे वाक्य मी त्या घरात हजार वेळा ऐकले असेन.

दुसऱ्या संध्याकाळी मी पुतण्याला म्हटले, “आज सारे नीट समजावून सांग, मी मध्ये बोलणार नाही.” त्याने सांगितले ते, कोणा वाचकाच्या मुलाबाळांना उपयोगी पडेल म्हणून, देतो. झोळीत लांबीच्या रेषेत सरळ निजू नये. किंचित तिरपे, डोके एका कडेस व पाय विरुद्ध कडेस करून निजावे, म्हणजे पाठ जवळजवळ सपाट राहते. पट्टीही त्याच तिरप्या रेषेत ठेवावी. दुहेरी कापडाच्या मध्ये असली की ती घसरत नाही, एकेरी कापडावर मात्र रात्रभर तिच्याशी झोंबावे लागते. झोळीचे कापड वर वळून खांद्यांना बिलगते, म्हणून वीस इंचांची पट्टी पाठीला पुरली तरी खांदे उघडे पडतात. त्यासाठी पंचवीस इंची पट्टी घ्यावी, नाहीतर खांद्यांच्या जागी एक लहान तुकडा आडवा घालावा. फुगवावयाची गादी असेल तर ती गच्च फुगवू नये. निम्म्याहून थोडी अधिक हवा ठेवावी, म्हणजे ती अंगाप्रमाणे वाकते आणि खालून उलटत नाही. या गाद्यांच्या उबेचे मोजमापही ठरलेले असून २०१८ पासून ते एकाच पद्धतीने करतात. साध्या फोमच्या पट्टीचा आकडा दोनच्या आसपास येतो, फुगवावयाच्या चांगल्या गादीचा चार किंवा अधिक, आणि एकावर एक ठेवल्यास दोहोंची बेरीज होते. बेरीज होते हे ऐकून माझ्यातल्या मास्तराला फार बरे वाटले. खालून टांगावयाची दुलई याहून सुखाची खरी, कारण ती अंगाखाली दबत नाही. परंतु झोळी व ती यांमध्ये फट राहिली तर तेथून वारा शिरतो व सगळे मुसळ केरात. शिवाय एखादे दिवशी झाडे मिळाली नाहीत तर पट्टी जमिनीवर अंथरता येते, दुलई येत नाही.

त्या रात्री बैठकीसाठी आणलेला फोमचा एक चौकोनी तुकडा माझ्या खांद्यांखाली आडवा गेला, गुडघ्यांखाली लोकरी सदऱ्याची घडी गेली, आणि पट्टी मी स्वतःच्या हातांनी कापडात सरकविली. कडांची चरचर होतीच. फोमला घाम मुरत नसल्यामुळे पाठीला थोडा ओलावाही जाणवला; त्यावर पातळ सुती चादर टाकल्याने तो बेताचा झाला. ज्या टोचण्याने आदल्या रात्री मी बेजार झालो होतो ते तिरपे निजताच निम्मे नाहीसे झाले, उरलेले निम्मे मी सोसले. पुतण्याची खालची दुलई मी परत त्याच्या झोळीला बांधावयास लावली. तो आढेवेढे घेत होता. “गादीशिवाय दहा रात्री पुष्कळ झाल्या,” असे मी म्हटल्यावर त्याने मुकाट्याने बांधली. वारा होता, पारा आदल्या रात्रीपेक्षा दोन अंशांनीच वर होता. दिवे मालवल्यावर बराच वेळ आम्ही वाईच्या घराविषयी बोलत होतो: माडीवरचा जिना कोणत्या पायरीला वाजे, आणि बंधू पहाटे न वाजविता कसे उतरत. बोलता बोलता त्याचा आवाज केव्हा थांबला ते मला कळले नाही.

जाग आली तेव्हा सात वाजून गेले होते. ताडपत्रीवर ऊन आले होते, आणि स्टोव्हवर चहा उकळत होता. सामान आवरताना पुतण्याने ती वळकटी आपल्या पिशवीला बांधावयास घेतली, ती मी त्याच्या हातातून काढून माझ्या पिशवीला बांधली.